अष्टमीचं तिरामिसू

सूर्य मावळायला दोन तास पाच मिनिटं उरली होती आणि माझं अर्धं तिरामिसू अजून म्हशीच्या पोटात होतं.

म्हैस शेजारच्या आदगोंडा मामांची. मी पातेलं घेऊन गोठ्याच्या दारात उभी होते आणि मामा काही केल्या घाई करायला तयार नव्हते.

"पान्हा सोडल्याशिवाय दूध येत न्हाई, चंदना," ते म्हणाले. "तुझं ते इंग्रजी पक्वान्न हाय, हे तिला कुठं ठाऊक?"

"इटालियन आहे, मामा."

"मग तर तिला बिलकुलच ठाऊक नसणार."

ही दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. जयसिंगपूरच्या आमच्या घराला रस्त्याकडे तोंड करून एक खोली आहे. तिथं माझ्या आज्जांचं, म्हणजे भूपाल चौगुल्यांचं, बी-बियाण्यांचं दुकान होतं. म्हातारपणी त्यांनी ते बंद केलं आणि किल्ली बंडीच्या खिशात टाकली. मी पुण्याहून बेकरीचा कोर्स करून परत आले होते. कोर्सला अंडी वर्गात होती पण माझ्या हातात नव्हती, असं मी घरी सांगितलं होतं. घरच्यांनी विश्वास ठेवला, कारण न ठेवणं जास्त त्रासाचं होतं. आता मला ती खोली हवी होती. जिनदत्त काकांनाही हवी होती, मोबाईलची कव्हरं विकायला.

आज्जांनी दोघांचं म्हणणं ऐकलं आणि माळ ओढता ओढता निकाल दिला. "माझ्या घरात खाण्याचं दुकान निघणार असलं तर तिथलं मला खाता आलं पाहिजे. चंदना, तू काहीतरी करून घाल. वाटी रिकामी झाली तर किल्ली तुझी. न्हाईतर जिनदत्तची."

काकांची कव्हरं कुणाला खाऊन बघावी लागणार नव्हती, एवढा त्यांचा फायदा होता.

"तिरामिसू करते," मी म्हणाले. चोवीस वर्षांच्या मुलीला जेवढी मिजास शोभते त्याहून थोडी जास्तच माझ्यात होती. "ग्रीन टीचं. येत्या रविवारी."

आज्जांची माळ थांबली. "म्हणजे गोड?"

"गोडच."

"खारी, टोस्ट, असलं काही न्हाई का?"

"ते कुणीही करतं."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं, मग काकांकडे बघितलं, आणि माळ पुन्हा सुरू केली.

आता आज्जांचे नियम ऐका. ते सूर्यास्तानंतर खात नाहीत. बाजारातलं तयार खात नाहीत. आदल्या दिवशीचं खात नाहीत. दूध काढल्यापासून अठ्ठेचाळीस मिनिटांत उकळलेलं नसेल तर त्याला हात लावत नाहीत. अंडं, मध, दारू आणि जमिनीखाली उगवणारं काहीही आमच्या घराच्या उंबऱ्याला ओळखतसुद्धा नाही. आणि तिरामिसूची मूळ कृती काय? कच्ची अंडी, दारू, बाजारची बिस्किटं, आणि रात्रभर फ्रीजमध्ये. ज्या कुणी ती रचली त्याला आज्जांना चिडवायचंच होतं असं वाटावं.

मी एकेक गोष्ट काढत गेले. दारू गेली, अंडी गेली. बिस्किटांच्या जागी घरच्या पिठाचे बोटभर लांबीचे फिके टोस्ट आले, कुकरच्या तळाशी मीठ पसरून, शिट्टी काढून भाजलेले. कॉफीच्या जागी ग्रीन टीची बारीक हिरवी पूड आली. ती माझ्या पुण्याच्या मैत्रिणीनं पाठवली होती आणि डबी एवढीशी होती की काकांना ती कुंकवाची वाटली. राहिलं होतं मस्कारपोने नावाचं मऊसूत इटालियन प्रकरण. त्यासाठी मी रविवारी सकाळी चार लिटर दुधाची साय काढून गरम केली, लिंबू पिळलं, फडक्यात बांधली आणि मोरीच्या नळाला टांगली. मग अंघोळीला गेले.

तिथंच माती खाल्ली. आमच्याकडे नळाला पांढरं गाठोडं टांगलेलं दिसलं की त्याचा एकच अर्थ असतो.

दुपारी पानात श्रीखंड होतं. सुलोचना काकू मोठ्या प्रेमानं वाढत होती.

"काकू, चक्का कधी बांधलास?"

"मी कुठला बांधला? तूच टांगून ठेवलेलास की. म्हटलं पोरगी गडबडीत आहे, तेवढाच हातभार. तुझी पिठीसाखर पण तयार होती डब्यात. वेलदोडा तेवढा मी घातला."

मी घास हातात धरून बसले. काका तिसऱ्यांदा घेत होते. "सुलू, आजचं श्रीखंड काय गुळगुळीत झालंय," ते म्हणाले. "आंबटपणाच न्हाई."

आज्जांनी आपली वाटी नेहमीप्रमाणे माझ्याकडे सरकवली. "तू घे."

हे मी दहावीत असल्यापासून चाललं होतं. आज्जांच्या पानातलं गोड माझं. पेढा असो, जिलेबी असो, पर्युषणाच्या पारण्याची खीर असो, "तू घे." माझ्या वजनात त्यांचा वाटा मोठा आहे. मला वाटायचं, सगळ्या नातवंडांत मीच लाडकी, आणि त्यात चुलत भावंडांना जळवायला बरं पडायचं. त्या दिवशी मात्र मी माझं स्वतःचं मस्कारपोने वेलदोड्यासकट दोन वाट्या गिळलं आणि रडायचं तेवढं राहिलं.

म्हणून साडेचार वाजता मी म्हशीपुढे उभी होते.

पावणेपाचला दूध मिळालं. पाचला उकळलं. आता साय जमायची वाट बघायला वेळ नव्हता, म्हणून मी दुधालाच लिंबू पिळलं, फाटलेलं दूध फडक्यात बांधलं आणि त्यावर पाट्याचा वरवंटा ठेवला. या वेळी फडक्यावर एक चिठ्ठी टोचली: 'हा चक्का नाही.' काकूला ती चिठ्ठी लागली. ती माजघरात जाऊन मोठ्यानं भांडी लावू लागली.

साडेपाचला मी ते पनीर आणि सकाळची उरलीसुरली साय मिक्सरमधून काढली. छान रेशमी झालं. मस्कारपोने नव्हे, पण त्याची चुलतबहीण म्हणून खपली असती. ओट्यावर पुन्हा दळलेल्या पिठीसाखरेचा स्टीलचा डबा होता, ग्रीन टीची पूड होती, गरम पाणी होतं, टोस्ट रांगेत होते. मी पुडीची डबी उघडली आणि आज्जा आत आले.

आज्जा स्वयंपाकघरात येत नसत. वर्षातून एकदा, तेही आज्जीच्या तिथीला, तिची भांडी बघायला येत. आज्जी जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती.

"हे हिरवं काय हाय गं?" त्यांनी विचारलं.

"ग्रीन टी, आज्जा. चहाचीच पानं."

"आज काय हाय?"

"रविवार."

"तिथी विचारतोय."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. अष्टमी. अष्टमीला आणि चतुर्दशीला आज्जा हिरवं खात नाहीत, हे मला बोलता येऊ लागल्यापासून ठाऊक होतं. दुपारी पानात एक कोथिंबिरीचं पान नव्हतं, तेव्हाच कळायला हवं होतं. जैनाच्या घरात जन्मून मी अष्टमीच्या दिवशी हिरवंगार पक्वान्न ठरवलं होतं. म्हणजे कहर होता.

"पण हे वाळलेलं आहे," मी म्हणाले. "वाळलेलं चालतं. तुम्ही वाळलेली मेथी खाता."

"वाळलेली मेथी काळी पडती. हे वाळून पण हिरवंच हाय."

"रंग हिरवा आहे. जीव नाही त्यात."

"कुणी सांगितलं?"

"आज्जा, जीव असता तर डबीत इतके दिवस जगला असता का?"

ते ओट्याजवळ आले. एक एक वस्तू हातात घेऊन बघू लागले. मी घड्याळ बघत होते.

"आणि मी चहा पीत न्हाई," ते म्हणाले.

"हा प्यायचा नाही, खायचा आहे. आणि तुम्ही चहा सोडलेला नाही, तुम्हाला आवडत नाही. दोन्हीत फरक आहे."

"या टोस्टात काय काय घातलंस?"

"पीठ, तूप, दूध, सोडा."

"बास?"

"बास. गोडवा सगळा मलईत आणि चहाच्या पाण्यात."

"हं," ते म्हणाले. मग म्हणाले, "ती डबी उजेडात ने बघू. कुठल्या देशाची हाय ते वाच."

मी खिडकीशी गेले आणि ओळीन् ओळ वाचून दाखवली. डबी जपानची होती आणि अक्षरं मुंगीएवढी. पानं सावलीत कशी वाढवतात, वाफेवर कशी शिजवतात, दगडी जात्यावर कशी दळतात. आज्जा मागून विचारत राहिले. शिजवतात म्हणजे अग्नीवर का? जातं हातानं फिरवतात का? मी मनातल्या मनात किल्ली काकांच्या खिशात जाताना बघत होते.

"अग्नीवर शिजलेलं, वाळवलेलं, दळलेलं," आज्जा शेवटी म्हणाले. "मग ते हिरवं न्हाई. रंग तेवढा हिरवा. चालतंय."

असा निकाल देऊन ते माळ सावरत बाहेर गेले तेव्हा पाच बावन्न झाले होते. सूर्यास्त सहा पस्तीसला होता. त्यानंतर मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. हात आपोआप चालत होते. पूड पाण्यात घुसळली, टोस्ट बुडवले, वाट्यांत लावले, मलई थापली, पुन्हा टोस्ट, पुन्हा मलई, वर गाळणीतून हिरवी पूड. पाच वाट्या फ्रीजरमध्ये कोंबल्या आणि आतल्या बर्फाला हात जोडले.

सहा वाजून चौदा मिनिटांनी आज्जा पाटावर बसले. समोर काका, बाजूला काकू, दाराला टेकून मी. आई-बाबा सोलापूरला होते, ते फोनवर थांबले होते.

आज्जांनी चमचा वाटीत घातला. वरचा हिरवा थर, खालचा पांढरा, मग ओला टोस्ट. तोंडात घातला. चावायला काही नव्हतं, तरी ते बराच वेळ चावत राहिले. दुसरा चमचा. तिसरा. त्यांचा चेहरा देवळात बसतात तसा होता. त्यावरून काही समजायची सोय नव्हती. वाटी रिकामी झाली, त्यांनी तिच्यात पाणी ओतलं, वाटी फिरवून ते पाणीही प्यायले. ताटात काही टाकायचं नाही म्हणून ते रोजच असं करत, पण त्या दिवशी मला ते टाळ्या वाजल्यासारखं वाटलं.

"आणखी हाय?" त्यांनी विचारलं.

मी दुसरी वाटी आणायला वळले तेवढ्यात काकांनी आपला पहिला चमचा तोंडात घातला होता. ते थांबले. त्यांनी काकूकडे बघितलं, मग वाटीकडे.

"चंदना," ते म्हणाले, "यात साखर कुठाय?"

मी त्यांच्या हातातून चमचा घेतला आणि चाखलं. ओलं गवत आणि पनीर. कडू होतं म्हणावं तर कडूही धड नव्हतं. साखरेचा कण नव्हता त्यात, ना मलईत, ना चहात. मी स्वयंपाकघरात धावले. ओट्यावर डबा नव्हता. फळीवर तुरडाळीच्या मोठ्या डब्यामागे तो काठोकाठ भरलेला सापडला. मी बाहेर आले तेव्हा आज्जा दुसरी वाटी संपवत होते.

"आप्पा, हे खाण्यासारखं न्हाई," काका सांगत होते. "नातीचं कौतुक किती करायचं माणसानं? ही परीक्षाच धरता येत न्हाई."

"वाटी रिकामी झाली का न्हाई?" आज्जांनी विचारलं.

"झाली, पण..."

"एक न्हाई, दोन झाल्या. मी बोललो ते बोललो." त्यांनी बंडीच्या खिशातून किल्ली काढून पाटावर ठेवली. "मला चांगलं लागलं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आनंदाचं नव्हतं. "आज्जा, तुम्ही कधी खोटं बोलत नाही."

"मग आज तरी कुठं बोललो?"

मला ती किल्ली तशीच ठेवून आत निघून जायचं होतं. मला खोली जिंकायची होती, भिकेत घ्यायची नव्हती. अभिमान मोठा होता. पण काकांचा हात किल्लीच्या जास्त जवळ होता, म्हणून मी ती उचलली.

साखरेचा डबा डाळीमागे कुणी ठेवला यावर मला शंका नव्हती. दुपारी श्रीखंड, संध्याकाळी चिठ्ठीचा राग, आणि दुकान कुणाला मिळावं हे तर उघडच. काकूनं आदिनाथाची शपथ घेतली. मी म्हणाले, शपथेनं साखर चालत जात नाही. आमचं बोलणं तुटलं; पुढे सुरू झालं, पण ते वरवरचं. दुसऱ्या दिवशी आज्जांनी निर्जळी उपवास केला. काका म्हणाले, "बघा, तिरामिसू बाधलं."

दुकान मात्र चाललं. आधी खारी आणि नानकटाई, मग केक, मग लोक सांगलीहून यायला लागले. बोर्डावर मी अंडं नाही असं मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि काचेच्या कपाटात ग्रीन टीचं तिरामिसू ठेवलं, साखरेसकट. कुणी त्याची तारीफ केली की मला बरं वाटायचं, आणि लगेच आज्जांच्या त्या दोन वाट्या आठवायच्या. हे सगळं एका म्हाताऱ्याच्या दयेवर उभं आहे, हे मला चार वर्षं टोचत राहिलं. कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं ते.

चार वर्षांनी, एका सकाळी दुकान उघडून मी पुसत होते, तेव्हा आज्जा काठी टेकत आले. शहाऐंशीचे झाले होते. देवळातून नुकतेच परतले होते, कपाळावरचं गंध ओलं होतं. गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसले.

"ते तुझं हिरवं हाय का?"

"आहे, पण काल केलेलं. तुम्हाला चालणार नाही."

"मग आत्ता कर. मी बसतो. आज साखर घाल."

मी फडकं बाजूला टाकलं.

"बारा वर्षं झाली काल," ते म्हणाले. "तुझी आज्जी गेली तेव्हा मुनी महाराजांकडं नियम घेतला होता. साखर न्हाई, गूळ न्हाई, गोड म्हणून काही न्हाई. काल पुरा झाला."

"बारा वर्षं? आणि आम्हाला कुणाला सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी वेगळं शिजवलं असतं. मग त्याग माझा कसला, सुलोचनेचाच." त्यांनी काठी गुडघ्यांत धरली. "तिला शेवटची दोन वर्षं डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं. मी तिच्यासमोर बसून खात होतो, चंदना. रोज. ती बघत बसायची. मला ते ती गेल्यावर कळलं."

बाहेर एक टेंपो अडकला होता आणि जोरजोरात हॉर्न देत होता. माझ्याकडे सरकवलेल्या सगळ्या वाट्या मला आठवत होत्या.

"म्हणून तुम्हाला ते चांगलं लागलं," मी शेवटी म्हणाले. "मी साखर घालायची विसरले म्हणून तुम्हाला खाता आलं. घातली असती तर..."

"तर किल्ली जिनदत्तची. नियम मोडून मी काय खाल्लं नसतं, आणि का खात न्हाई ते सांगितलं पण नसतं. तुला म्हटलं होतं खारी कर. तुला तुझी मिजास."

"नशीब म्हणायचं."

आज्जा खिडकीबाहेर बघू लागले. "नशीब कसलं," ते म्हणाले. "तू तिकडं खिडकीत जपानचं जातं वाचत होतीस. मी डबा डाळीमागं सरकवला."

मला आधी ऐकलं ते खरं वाटेना. या माणसानं उभ्या आयुष्यात दुसऱ्याच्या झाडाखाली पडलेला आंबा उचलला नव्हता.

"न विचारता दुसऱ्याची वस्तू हलवली," ते म्हणाले. "चोरीच ती. दुसऱ्या दिवशी उपवास केला."

"आणि काकू? चार वर्षं मी तिला..."

"आत्ता सांगून आलोय तिला. आठ दिवस माझ्याशी बोलणार न्हाई म्हणाली. बरोबर हाय तिचं. तुला पण बोलवलंय, या वेळी माफीची चिठ्ठी घेऊन ये म्हणाली."

मी शटर अर्धं खाली ओढलं आणि कामाला लागले. आदगोंडा मामांकडून धारोष्ण दूध आणलं, नियमाप्रमाणे उकळलं. टोस्ट ताजे भाजले. आज्जा तीन तास खुर्चीवरून हलले नाहीत. पिठीसाखर घालताना मी डबा त्यांच्यासमोर धरला, आणि त्यांनी मान हलवली तेव्हाच उपडा केला.

वाटी त्यांच्या हातात दिली. त्यांनी पहिला चमचा घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. गालांवरून पाणी खाली आलं ते त्यांनी पुसलं नाही. मग दुसरा चमचा घेतला. अर्धी वाटी झाली तेव्हा मी सवयीनं हात पुढे केला.

आज्जांनी वाटी छातीशी ओढून घेतली. "तुझं तू करून घे," ते म्हणाले.